पद्माकर काकांचा नकारवर्ग

'नाही' म्हणायला शिकवावं तर आपणच, याबद्दल पद्माकर काकांना काडीचीही शंका नव्हती. लीड्सच्या हॉस्पिटलात ट्रेनिंग विभागात सगळी नोकरी झाली आणि रिटायर झाल्यावर ते युनिव्हर्सिटीत मेंटर झाले. हल्ली तिथल्या चांगल्या खेळाडूंना शिकता शिकताच स्पॉन्सरचे पैसे मिळतात. पैसे आले की बोलावणारे आणि गळ घालणारेही येतात. त्यांना कसं आवरायचं, हे काका शिकवत.

त्यांच्या वाट्याला आली ईशानी, लंडनच्या स्टॅनमोरमधली मराठी पोर. ज्युदोत भल्याभल्यांना उचलून आपटणारी ही मुलगी मॅटच्या बाहेर कुणालाही नाही म्हणू शकत नसे. एका प्रोटीन बार कंपनीनं तिच्याशी करार केल्यापासून आत्तेभावाच्या जिमचं उद्घाटन काय, मैत्रिणीच्या मैत्रिणीचा पॉडकास्ट काय, ती सगळीकडे हजर आणि सरावाला दांडी! ग्लासगोच्या स्पर्धेत पदक नाही तर करार नाही, असं शेवटी कंपनीनं बजावलं.

"दोनच नियम," काका म्हणाले. "हसून नाही म्हणायचं. आणि कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो."

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी तिला जेवायला बोलावलं. ज्युदोत आधी वजन करतात आणि ते गटापेक्षा जास्त भरलं तर घरी पाठवतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पोरीला ताकद हवी म्हणून नीनाकाकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या.

"नो थँक यू, काकू," ईशानी हसून म्हणाली.

काका हरखले. "ऐकलंस, नीना? काय सुरेख नाही म्हणाली! झाली प्रॅक्टिस. आता वाढ तिला."

"काका, खरंच नको."

"वा, आवाजसुद्धा चढला नाही." काकांनी तिच्या पानात पोळी टाकली आणि काकूंनी वर तूप सोडलं.

त्या घरात पहिलं 'नको' लाजेचं आणि दुसरं संकोचाचं धरत, तिसरं कुणी ऐकतच नसे. पोर बिचारी खात गेली.

बडीशेप देताना काकूंनी सहज विचारलं, "उद्या किती वाजता गं खेळायचं?"

"दुपारी. पण आधी माझा वजन होणार. फिफ्टी-सेव्हनच्या वर गेला तर आउट." ईशानीचे डोळे भरून आले. "मॉर्निंगला बरोब्बर फिफ्टी-सेव्हन होता."

"अगं, मग सांगायचं नाहीस का?"

"काकाच म्हणाले ना, कारण द्यायचा नाही."

काकांचा चेहरा पडला. आपल्या हातानं पोरीचा करार तुपात बुडवला, या विचारानं त्यांना बडीशेपही गिळवेना.

सकाळी ते स्वतःच तिला घेऊन ग्लासगोला निघाले. भर जूनमध्ये हीटर फुल, काचा बंद, ईशानीच्या अंगात काकांचं बर्फातलं जाकीट. घाम निघाला पाहिजे! तो सगळ्यात जास्त काकांचाच निघाला. मागच्या सीटवर काकू मांडीवर बाथरूमचा वजनकाटा घेऊन बसल्या होत्या.

वाटेत मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या कार पार्कमध्ये काटा डांबरावर ठेवला आणि जाकीट काढून ईशानी वर चढली. अजून थोडं जास्त होतं. तेवढ्यात एक गलेलठ्ठ लॉरी ड्रायव्हर मागे येऊन उभा राहिला. "मी पण बघू का, मेट?"

काकांना नाही म्हणवेना. त्याचं झालं, मग त्याच्या दोस्ताचं झालं, मग सहलीच्या बसमधून उतरलेल्या दोन आज्या आल्या. त्यातल्या एकीचा काट्यावर विश्वासच बसेना. शेवटी काकूंनी तिच्या पायाखालून काटा ओढून घेतला, तेव्हा कुठे गाडी निघाली.

ग्लासगोला पोचले तेव्हा वजनाची वेळ संपत आली होती. ईशानी धावत आत गेली. काका दाराशी डोळे मिटून उभे राहिले. ती बाहेर आली ती अंगठा वर करूनच. काकांना चक्क रडू आलं.

इतक्यात कंपनीची मॅनेजर आली. "ईशानी, मॅचआधी पटकन आपल्या शॉपमध्ये फोटोशूट करू या? फक्त एक तास."

"ऑफ कोर्स," काका बोलून गेले.

"नो, थँक यू," ईशानी हसून म्हणाली.

मॅनेजर कारणाची वाट बघत राहिली. ते येईना, तशी म्हणाली, "ओके, फाइन. नंतर करू."

ईशानीनं ब्राँझ मिळवलं आणि करार वाचला. परतताना काकांनी विचारलं, "त्या बाईला घाबरली नाहीस?"

"तुमच्या घरी जेवून आले ना काका. ती तर खूप ईझी होती."

काकांना ते कौतुकच वाटलं. तेवढ्यात गाडीतला फोन वाजला. युनिव्हर्सिटीतून होता. नेटबॉलच्या मुलींनाही शिकवाल का, दर शनिवारी? शनिवार म्हणजे काकांचा क्रिकेट बघण्याचा दिवस. त्यासाठी ते सख्ख्या मेव्हण्याच्या घरीही जात नसत.

"ऑफ कोर्स," काका म्हणाले. "लव्हली."

मागून काकूंनी विचारलं, "अहो, नियम दोन होते ना?"

"हसलो की," काका पुटपुटले. "आणि कारणही दिलं नाही."