हत्तरगे सरांची दहाची बातमी

आमच्या कॉलेजच्या सचिवांनी हत्तरगे सरांना फसवलं. आणि त्याआधी कित्येक वर्षं हत्तरगे सर मला फसवत होते. सरांनी केलेल्या फसवणुकीची मला आता तक्रार नाही. सचिवांनी केलेल्या फसवणुकीची आहे, आणि ती गिळून गप्प बसायची सवय मला नाही.

मी कॉलेजचं कॅंटीन चालवते. माकणीपासून फार लांब नाही, सोयाबीनच्या रानाला लागून आमचं कॉलेज आहे. सुरुवात मी एसटी स्टँडवर पेरूची पाटी डोक्यावर घेऊन केली. गाडी हलायच्या आत गिऱ्हाईक पटवायचं, तर आवाज पाहिजे आणि ताबडतोब उत्तर पाहिजे. देवानं दोन्ही भरपूर दिलं. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस तालुक्यात सापडणार नाही, असं लोक म्हणतात. सापडतो. भूगोल शिकवतो.

हत्तरगे सरांची ख्याती त्यांच्या दहाच्या बातमीसाठी. रोज सकाळी दहाला कॉलेजातली सगळी नोकरमाणसं कडुनिंबाखाली जमायची. प्राचार्य, प्राध्यापक, क्लार्क, वॉचमन रसूलभाई, झाडलोट करणारी गोदाबाई, आणि चहाची किटली घेऊन मी. ही पद्धत सरांनीच पाडली. ओळीत उभं राहायचं नाही, गोल करायचा. ज्याच्याकडं काही सांगण्यासारखं असेल त्यानं सांगायचं. क्लार्कच्या मुलीची सोयरीक जमली, रसूलभाईची शेळी व्याली, प्राचार्यांचा गुडघा धरला, सगळं एकाच मापानं मोजायचं. इथवर ठीक. पण मग सर एकेकाला बोलवायचे. "समोर या, हेळ्री."

सरांचं आजोळ कर्नाटकाच्या हद्दीवरचं, त्यामुळं बोलण्यात कन्नड डोकावतं. 'हेळ्री' म्हणजे सांगा. प्रत्येकानं सरांच्या समोर यायचं आणि ऐकलेली बातमी पुन्हा सांगायची. ज्याला नीट सांगता आली नाही, त्याच्यासाठी ती पहिल्यापासून. गरज पडली तर कन्नडमध्ये, रसूलभाईंसाठी दखनीत. तोवर माझा चहा गार. कोणी कुरकुरलं की सर म्हणायचे, "शेवटच्या माणसाला कळली नाही, तर ती बातमी न्हाय, कुजबुज."

एकदा प्राचार्यांनी घाईघाईत सांगितलं की मूल्यांकन समिती येणार आहे, आणि निघाले. सरांनी गोदाबाईला पुढं बोलावलं. ती म्हणाली, "काय तरी येनार हाय म्हनं." सरांनी प्राचार्यांना अर्ध्या वाटेतून परत आणलं. बिचाऱ्यांनी समिती म्हणजे काय, ती काय बघते, कशाला बघते, हे सगळं गोदाबाईला समजावलं. ती पदर खोचत म्हणाली, "असं सांगा की. पाव्हणे पोरगी बघायला येनार. मग जाळी काढाय लागतील."

"अगदी तसंच," प्राचार्य म्हणाले. नंतर त्यांनी समितीसमोर भाषण केलं ते मी ऐकलं आहे. त्यापेक्षा गोदाबाईचं सोपं होतं.

वर्गातही सरांची तीच तऱ्हा. शिकवताना बाकांमधून फिरायचे, पण मागून कोणी प्रश्न विचारला तर ढिम्म. "मागून आलेला प्रश्न आणि मागून आलेला बैल, दोन्हीला उत्तर नसतं. पुढं या." पोरं हसायची, पण पुढं यायची. तांड्यावरच्या पोरी पहिल्या वर्षाला कोपऱ्यात तोंड लपवून बसतात. सरांच्या हाताखालून गेल्या की फळ्याजवळ उभ्या राहून नडायला लागतात. मी त्यांना कॅंटीनमध्ये माझ्याशीच नडताना पाहिलं आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

आता माझी फसवणूक. राणी नावाची एक मुलगी तीनचाकीवरून कॉलेजला यायची. माझा ओटा उंच. तिला वडा हवा असला तर दुसऱ्या कोणाला तरी सांगावं लागायचं. एक दिवस सर येऊन म्हणाले, "शालनताई, ओटा खाली घ्या."

म्हटलं, "सर, ओटा हाय का पाळणा, खाली-वर करायला?"

सरांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी बोलत राहिले. उंच ओट्यामुळं कढई पोरांपासून लांब राहते, खाली घेतला तर कुत्री तोंड घालतील, आणि एका पोरीसाठी मी माझं सगळं दुकान का मोडू? शेवटी शेवटी माझा आवाज असा चढला की रसूलभाई गेट सोडून बघायला आले. माझं संपलं. सरांनी शांतपणे मान इकडं वळवली आणि म्हणाले, "मग उद्या गवंडी पाठवतो."

सौद्यात समोरचा चिडला पाहिजे, निदान खजील तरी झाला पाहिजे. हा माणूस काहीच होत नव्हता. गोदाबाईनं दाराबाहेर पायरीवर बसून चहा प्यायचा ही जुनी रीत मोडून तिच्यासाठी आत बाकडं ठेवायचं असं सर म्हणाले, तेव्हाही हेच झालं. मी गरजले, त्यांनी खिडकी बघितली, बाकडं आत आलं. मला वाटायचं, याची साधना केवढी असेल. घरी येऊन मीही एकदा आरशासमोर गप्प बसायचा सराव केला. जमला नाही.

आणि खरं सांगू का, ओटा खाली घेतल्यावर राणी पहिल्यांदा स्वतः हात पुढं करून म्हणाली, "मावशी, मिरची जास्त." मला मावशी म्हटलेलं खपत नाही. तिला काही बोलले नाही.

मग मागच्या सत्रात सचिव साहेबांनी सभागृहात सगळ्यांची सभा लावली. सगळे खुर्च्यांच्या ओळीत, तोंडं मंचाकडं. सर नेहमीप्रमाणं शेवटच्या ओळीत गोदाबाई आणि रसूलभाई यांच्या शेजारी. मी दाराशी चहा ओतत होते. सचिवांनी कागदात डोकं घालून वाचलं की आता कॉलेजभर स्पीकर बसले आहेत, उद्यापासून सगळ्या सूचना प्राचार्यांच्या खोलीतून देण्यात येतील, दहाचा जमाव बंद. "आपला परिसर सर्वसमावेशक झाला पाहिजे. आवाज प्रत्येकापर्यंत पोचला पाहिजे." मग कागदावरून नजर न काढता म्हणाले, "हत्तरगे सर, तुमचंच काम आम्ही पुढं नेतोय. तुमची हरकत न्हाय ना?"

सगळ्यांनी वळून सरांकडं बघितलं. सर हसले आणि त्यांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या.

गोदाबाईनं सरांकडं असं बघितलं, की जणू घरच्या माणसानं तिची गाय परस्पर बाजारात नेऊन विकली असावी. मी किटली दाराशीच आदळली. रागानं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी बाहेर आले तर सर कडुनिंबाखाली एकटेच. अंगात इस्त्रीचा शर्ट, हात मागं बांधलेले, नजर फाटकाकडं. गोदाबाई खराटा घेऊन शेजारून गेली, थांबली नाही. मी मागून गेले आणि म्हटलं, "काय सर, आमाला इकून टाकलं आन आता झाडाखाली राखण करता व्हय?"

सर हलले नाहीत. या आवाजानं मी सुटलेली एसटी थांबवलेली आहे. मी अजून वर चढवला. काही नाही. त्यांच्या डोक्यावरच फांदीला नवा स्पीकर बांधलेला होता. तो खरखरत प्राचार्यांच्या आवाजात परीक्षेच्या सूचना देत होता, सगळं कॉलेज दणाणत होतं. सरांनी घड्याळ बघितलं. मग पुन्हा फाटकाकडं. अजून कोणी कसं आलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी पुढं जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले. हळू बोलले, ओठ नीट हलवून.

"सर, वर भोंगा वाजतोय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मान वर करून स्पीकरकडं.

"वाजतोय का?" ते म्हणाले.

मी त्यांना कॅंटीनमध्ये आणून बसवलं. सभेत काय झालं ते समोर बसून सांगितलं. ऐकताना, म्हणजे बघताना, ते एकदाही खिडकीकडं वळले नाहीत. म्हणाले, "खूप माणसं एकदम बोलायला लागली की मी हसून मान हलवतो. सगळ्यांना बरं वाटतं."

कान हळूहळू गेले होते. आधी पाखरं गेली, मग फोन, मग पाठीमागचा वर्ग. आता ओठ बघूनच समजून घ्यायचे. मी विचारलं, "मशीन का लावलं न्हाय? कुनाला सांगितलं का न्हाय? राणीसाठी माझा ओटा मोडलात. गोदाबाईसाठी भांडलात. सोत्तासाठी एक शब्द?"

"दुसऱ्यासाठी मागताना माणूस ताठ राहतो, शालनताई. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की मला वाक्यच सुचत न्हाय."

"आन घरी?"

"हिला ठाऊक होतं. दिवसभराचं सगळं चुलीपुढं बसवून सांगायची. शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा, दोन्ही बाजूंनी." ते थोडे हसले. "ती गेल्यावर समोर बसून बोलणारं कोणी राहिलं न्हाय. दिवसात धड बोलणं व्हायचं ते दहाला."

मी माझ्या धंद्यात भलेभले पाहिले. पण एकट्या माणसानं आपल्या गरजेभोवती असं अंगण आखावं, की त्यात आधी गोदाबाईला जागा मिळावी, रसूलभाईला मिळावी, लाजऱ्या पोरींना मिळावी, आणि कोणाला कळूही नये की आखणाराही आसऱ्यालाच उभा आहे, असं मी कुठं पाहिलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि बराच वेळ मला बोलता आलं नाही. रसूलभाई म्हणतात, असं पहिल्यांदाच घडलं.

गोदाबाईला सरांनी स्वतः सांगितलं. ती रडवेली झाली. "सांगायचं न्हाय का सर? उगी चार दिस तुमच्या मागनं शिव्या दिल्या म्या."

"द्या की. मला कुठं ऐकू येतंय."

मी सरांना आणखी एकच विचारलं होतं, घराबाहेर हे कोणाला ठाऊक होतं. ते म्हणाले, "एकाला." नाव घेतलं नाही. पण मला डोळे आहेत. सचिव साहेब सरांचे जुने विद्यार्थी. सरांशी खरंच काही बोलायचं असलं की ते जवळ जायचे, सरांचं कोपर धरायचे, त्यांना आपल्याकडं वळवायचे आणि मग सावकाश बोलायचे. मी कितीदा पाहिलं. मला वाटायचं, गुरूवर माया आहे.

हे लिहायची परवानगी मी सरांकडून घासाघीस करून मिळवली. त्यांची अट होती की सचिवांना चोर म्हणायचं नाही. मी पुष्कळ ताणलं. ते खिडकीकडं बघायला लागले, मी त्यांची हनुवटी धरून इकडं वळवली, तरी अट सुटली नाही. म्हणून म्हणत नाही.

फक्त विचारते. साहेब, इतर वेळी कोपर धरायचात, मग त्या दिवशी मंचावरून, कागदात तोंड घालून का विचारलंत? ज्याला ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, त्याच्या मान हलवण्यावर तुम्ही टाळ्या कशा घेतल्यात? उत्तर स्पीकरवरून देऊ नका. कॉलेजात या, सरांच्या समोर उभे राहा, तोंड उजेडात ठेवा आणि सांगा. मी शेजारी असेन. त्यांना एखादा शब्द समजला नाही, तर तुम्हाला तो पुन्हा म्हणायला लावीन.