नूर स्टार ‘अ’ आणि नूर स्टार ‘ब’

रविवारी संध्याकाळी नूरुद्दीनशेठ घरात शिरले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. त्यांच्या बेगम खदीजाबींनी स्वयंपाकघरातूनच ओळखलं.

“हरलात?”

“नुसते हरलो असतो तर बरं होतं. लोक हसले. मोहिउद्दीननं बॉल आपल्याच रिंगमध्ये टाकला.”

“मग, गेला का आत?”

“गेला ना! वर्षभरात पहिल्यांदाच त्याचा बॉल आत गेला.”

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. नूर स्टार ही शेठांची पगारी बास्केटबॉल टीम. कॉलेजात असताना शेठांना या खेळाचा नाद लागला आणि भिवंडीत परतून वडिलांचे कापडाचे लूम हाती घेतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर कारखान्यामागच्या अंगणात दोन खांब पुरले. लूमच्या मोडक्या लोखंडाची रिंग वेल्डरकडून वळवून घेतली. खेळणाऱ्याला कारखान्यात नोकरी आणि मॅचच्या दिवशी भरपगारी सुट्टी. वीज गेली की लूम बंद पडत, आणि लूम बंद पडले की प्रॅक्टिस सुरू होई. त्या दिवसांत शेठ स्वतःही लुंगी खोचून उतरत. ठाणे, कल्याणपर्यंत नूर स्टारचा दरारा होता.

पण टीम तीच राहिली आणि माणसांची वयं वाढली. शेलार गावाहून सायकलवर येणारा कॅप्टन दत्तू आता गुडघ्याला पट्टा बांधून खेळे. लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबर मोहिउद्दीनला लूमच्या खाली शिरता येत नव्हतं, तिथे बॉलमागे काय पळणार!

शेठांनी कोच चांगदेव सरांना बोलावलं. सर शाळेत पी.टी. शिकवत आणि संध्याकाळी टीमला.

“शेठ, टीम नव्यानं बांधायची तर घाई करू नका,” सर म्हणाले. “यंदा दोन पोरं घ्या, पुढच्या वर्षी दोन. जुने त्यांना तयार करतील. मात्र तीन वर्षं हरायची तयारी ठेवा.”

“तीन वर्षं तर झालीच की हरून! तीच धरा ना त्यात.”

“तसं नसतं शेठ.”

“सगळीच्या सगळी टीम बदला. उंच माणसं आणा. हा खेळच उंचीचा आहे.”

जवळच्या राहनाळ गावातल्या गोदामांत तशी माणसं होती. त्यांतला सोमा तर शिडीशिवाय सगळ्यात वरच्या थराचं खोकं काढायचा. शेठांनी सोमाला आणि त्याच्या चार जोडीदारांना नोकरीवर घेतलं. आता जुन्यांना सांगायचं तेवढं बाकी राहिलं.

“सर, दत्तूला तुम्हीच सांगा,” शेठ म्हणाले.

“मी शाळेत पोरांना नापास करतो. बाप्यांना नाही.”

शेठ आठवडाभर दत्तूला टाळत होते. तो समोरून आला की सुताचे कोन मोजायला लागत. शेवटी त्यांना युक्ती सुचली. जुन्यांचा सत्कार करायचा आणि सत्कारातच निरोप द्यायचा.

शुक्रवारी वीज गेल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या. शाली आल्या, नारळ आले. शेठ बोलायला उभे राहिले. “तुम्ही लोकांनी नूर स्टारचं नाव केलं. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण आता तुमच्या गुडघ्यांना...”

एवढ्यात वीज आली. स्विच चालूच राहिलेले. सगळे लूम एकदम खटाखट सुरू झाले. शेठांनी मात्र थांबायचं नाव काढलं नाही. थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते घाम पुसत, हात जोडत बोलत राहिले. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा भाषण संपलं होतं. टाळ्या पडल्या.

मग दत्तू उठला. डोळे पुसत म्हणाला, “शेठनी एवढा मान दिला. आता मागं हटनार न्हाय. गुडघा मोडला तरी खेळनार!”

पुन्हा टाळ्या. सगळ्यात जोरात मोहिउद्दीनच्या.

आता शेठांकडे दोन टीम झाल्या. चांगदेव सरांनी तोडगा काढला, “महिन्याअखेरच्या टूर्नामेंटला दोन्ही उतरवा. नवे ‘अ’, जुने ‘ब’. ‘ब’ पहिल्या फेरीत हरेल आणि आपोआप थांबेल. कुणाचं मन दुखायला नको.”

शेठांना हे पटलं. पण ड्रॉच्या दिवशी पाहुणे म्हणून त्यांनाच चिठ्ठ्या काढायला बसवलं आणि त्यांच्याच हातून निघालं, पहिली मॅच, नूर स्टार ‘अ’ विरुद्ध नूर स्टार ‘ब’.

मॅचला सगळी लूमगल्ली लोटली. पहिलाच बॉल सोमानं अलगद झेलला आणि छातीशी धरून उभा राहिला.

“आपट!” चांगदेव सर ओरडले.

“आपटू? फुटला तर?”

“अरे, आपटत आपटत पुढे ने!”

“गोदामात माल आपटला तर मुकादम घरी पाठवतो, सर!”

त्याच्या जोडीदारांचंही तेच. हातात आलेला बॉल ते जपून एकमेकांच्या हातात देत, नाहीतर हळूच जमिनीवर ठेवून मोकळे होत. उलट ‘ब’वाले धापा टाकत होते, पण एकमेकांना ओळखून होते. दत्तू मागे न बघता बॉल फेकी आणि तो बरोबर मोहिउद्दीनच्या हातात पडे, कारण मोहिउद्दीन तिथून हलतच नसे. शेवटी दत्तूनं जुन्या ढंगात, एका पायावर गिरकी घेऊन बॉल टाकला. रिंगला न शिवता आत. शेठ खुर्चीवर उभे राहून ओरडले, “शाब्बास दत्त्या!” मग आपली खरी टीम कोणती ते आठवून खाली बसले. ‘ब’ टीम जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तू आणि मोहिउद्दीन घरी आले. दत्तू लंगडत होता.

“शेठ, आता थांबतो आमी.”

“थांबतो म्हणजे? काल तर जिंकलात!”

“म्हनून तर. तुमी सत्कारात तेच सांगितलं ना? उद्यापासून टीममधी नवी मानसं, तुमी आराम करा.”

शेठांचा चेहरा उतरला. “ते... तुला ऐकू आलं?”

“ऐकू कसं येनार? पर लूमच्या आवाजात आमी कसं बोलतो, शेठ? ओठ बघून. सगळ्यांना समजलं हुतं.”

“मग ते तुझं भाषण?”

“मुद्दाम केलं,” मोहिउद्दीन म्हणाला. “हरून घरी जायचं नव्हतं, शेठ. एकदा जिंकून जायचं होतं. ते झालं. आता पोरांना आम्ही शिकवतो.”

शेठांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा सांगितला. मग एकदम वळले. “अरे, पण दुसऱ्या फेरीचं काय? रविवारी मॅच आहे. सोडून देणार?”

“मानूस कुठं हाय? माझा गुडघा ह्यो असा सुजलाय. एक गडी कमी पडतो.”

शेठ घुटमळले. त्यांनी सुटलेल्या पोटावरून हात फिरवला. “माझ्या मापाचा टी-शर्ट मिळेल का रे?”

दत्तू आणि मोहिउद्दीन एकमेकांकडे बघायला लागले. चहाचे कप घेऊन आलेल्या खदीजाबींनीच उत्तर दिलं.

“मिळेल. पण रविवारपर्यंत श्वास आत घेऊन ठेवा.”