खंडेनवमीचा नट

सुभद्रेचा साखरपुडा झाला ते छप्पन साल. मुहूर्त दसऱ्याचा. मुलाचे वडील कुशाबा अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहायचे, सरकारी कचेरीत पट्टेवाले. त्यांची अट एकच.

"आम्ही सरकारची माणसं. तुमच्या लालबागेत ऊठसूट मोर्चा! त्यात मी दिसलो तर नोकरी जाईल. आधीच सांगतो, तसं झालं तर सोयरीक मोडली!"

"काळजीच सोडा व्याही!" सुभद्रेचा बाप, गिरणीतला फिटर धोंडू, छाती फुगवून म्हणाला. "जीपमधून राजासारखे आणतो. मोर्चाचा वारासुद्धा लागायचा नाही!"

जीप घोडपदेवच्या भिवाची, धोंडूच्या लंगोटीयाराची. लढाईतून मोडीत निघालेली. कॉटन ग्रीनचा माल वाहून वाहून तिचं मागचं डावं चाक लेझीम खेळल्यासारखं डुलायचं.

नवमीच्या दुपारी धोंडूनं तिला चाळीखाली जॅकवर चढवली. चाक वरून-खालून धरून हलवलं. खडक! खडक!

"स्प्रिंग गेली काय रे?" भिवा म्हणाला.

"स्प्रिंग नाही, तुझी अक्कल गेली! बेअरिंग शाबूत आहे. अ‍ॅक्सलवरचा नट ढिला झालाय. धुऊन आवळला की काम फत्ते!"

नट काढला, रॉकेलमध्ये धुतला, हत्यारांबरोबर गॅलरीत वाळत ठेवला आणि दोघं चहाला गेले. परत येऊन बघतात तर पाटावर हातोडी, कानस, नट आवळायचा पाना सगळं ओळीनं मांडलेलं. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि मधोमध, गणपती बसवावा तसा नट!

"अगं, हे काय केलंस?"

"खंडेनवमी नाही का आज?" धोंडूची बायको राधाबाई म्हणाली. "उद्या मुहूर्तावर उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही."

"तोवर व्याही पायी यायचे काय? आणि नट म्हणजे हत्यार आहे होय?"

"मग दागिना आहे?"

"दागिनाच समज! पोरीच्या सोयरिकीचा!"

राधाबाई विरघळली, पण अर्धीच. नटावर अक्षता टाकून तो धोंडूच्या हातात दिला. पान्याला मात्र हात लावू देईना. धोंडू शेजारी पाना मागायला गेला. तिथंही पाना पाटावर. खालच्या माळ्यावर गेला. तिथं तर पान्यापुढं नैवेद्य! अख्ख्या लालबागेत त्या दिवशी एक पाना मोकळा नव्हता.

"धोंड्या, हातानं आवळलेला राहील रे?"

"फिटरचा हात आहे हा! साचा आवळणारा!"

दसऱ्याला सकाळी कुशाबा फेटा बांधून जीपमध्ये मागं बसले, पुढं भिवा आणि धोंडू. परळपर्यंत झकास. आणि परळला आडव्या रस्त्यानं लालबागेकडं निघालेली फेरी आली.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

"वळवा! वळवा!" कुशाबा ओरडले.

भिवानं गचकन वळवली. खडक! नट गेला गटारात, चाक अ‍ॅक्सलसकट बाहेर आलं आणि झेंड्यामागून पुढारी निघावा तसं फेरीत शिरलं! जीप डाव्या कुशीवर बसली.

"अरे, म्हाताऱ्या माणसाची गाडी मोडली! उचला!"

"मला नको! जीप उचला!" कुशाबा विनवत होते. पण गर्दीला वाटलं, काय हा साधा माणूस, स्वतःचं बघतच नाही! खांद्यावर घेतलं, गळ्यात झेंडूचे हार घातले, एकावर एक, पार नाकापर्यंत. मिरवत मिरवत फेरी चाळीच्या दारात आली. धोंडू मागून चाक ढकलत. त्याला पोरीचं लग्न मोडलेलं डोळ्यांसमोर दिसत होतं.

राधाबाईनं ओवाळलं. सुभद्रेनं पेढा पुढं केला. कुशाबांनी एकेक हार उतरवला.

"व्याही," ते म्हणाले, "तुमचा शब्द खरा. मोर्चाचा वारा लागला नाही. मी मोर्चाच्या वरून आलो!"

आणि पेढा तोंडात टाकला. हारांमुळं तोंडच दिसलं नव्हतं, कचेरीत कुणाला कळलं नाही. पुढं मात्र प्रत्येक दसऱ्याला सुनेला हळूच विचारायचे, "काय गं, फेरी यंदा कुठून निघते?"

हरवलेल्या नटाच्या जागी राधाबाई दर खंडेनवमीला पाटावर सुपारी मांडायची. धोंडूचा पाना आजही सुभद्रेच्या घरी पुजतात, सुपारीसकट.

कुशाबा साठ सालच्या श्रावणात गेले, महाराष्ट्र झालेला बघून. धोंडू गेला त्र्याऐंशीच्या मार्गशीर्षात, गिरणी बंद असताना.