कोळ्याचा काही संबंध नव्हता

व्यायामशाळेत शिकवणाऱ्या ताईंच्या मांडीवर गळू उठलं, तेव्हा त्यांनी आरोपी लगेच जाहीर केला. “कोळी चावला!”

“पाहिलास का?” नवऱ्याने विचारलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही.

“चावणारा काय ओळख करून देतो?”

ताई भल्याभल्यांना उठाबशा काढायला लावत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे त्यांना शरणागती वाटे. कपाटात कधीच्या तरी खोकल्याच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या होत्या. त्या त्यांनी सुरू केल्या आणि कोळ्याविरुद्ध मोहीम उघडली. पलंग बाहेर आला, माळ्यावरचं सामान जिन्यात गेलं, शेजारीण त्यामागे अडकून पडली. फवारणीच्या वासाने घरात उभं राहवेना. गळू मात्र लिंबाएवढं झालं.

मग नवऱ्याच्या काखेत एक उठलं आणि सासूबाईंच्या मानेवर दुसरं.

“याचा आपल्या घराण्यावरच दात दिसतोय!” ताई म्हणाल्या.

“कोळी असो नाहीतर वाघ,” सासूबाई कडाडल्या, “मला डॉक्टरकडे न्या. तुम्ही दोघं बसा शिकार करत!”

डॉक्टरबाईंनी तिघांनाही तपासलं. “कोळ्याचा काही संबंध नाही. हा जंतू आहे, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा असावा. तुमच्या गोळ्या तो खडीसाखरेसारख्या चघळतोय. गळू कापून पू काढावा लागेल.”

“मला दाद न देणारा अजून जन्माला यायचाय. मी कापू देणार नाही!”

“अंगात ताप आहे, लाली पसरतेय. जंतू रक्तात गेला तर मोठ्या हॉस्पिटलात झोपून हे वाक्य म्हणावं लागेल.”

ताई टेबलावर आडव्या झाल्या. “कापा. पण मी ओरडणार नाही.”

“ओरडा की. माझी हरकत नाही.”

ताई ओरडल्या. बाहेर नंबर लावून बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले.

पू तपासणीला गेला, रिपोर्ट आला आणि त्या जंतूला लागू पडणारी गोळी मिळाली. डॉक्टरबाईंनी बजावलं: जखम झाकून ठेवायची, टॉवेल आणि वस्तरा ज्याचा त्याचा, कपडे गरम पाण्यात धुवायचे.

“पण हे आलं कुठून?” नवऱ्याने विचारलं.

“घाम, खरचटलेली कातडी, एकमेकांचे टॉवेल. असं कुठे असतं सांगा?”

ताईंना टोपली आठवली. व्यायामशाळेच्या दाराशी सगळ्यांसाठी टॉवेलची टोपली असे. तेच टॉवेल न धुताच, वाळले की पुन्हा टोपलीत जात.

बरं वाटताच ताईंनी ती टोपली कुलपात टाकली आणि दारात उभ्या राहिल्या. “स्वतःचा टॉवेल नसेल तर घरी जा. अंगावर उघडी जखम असेल तर आधी डॉक्टर!” कुरकुर झाली. ताई तसूभरही हलल्या नाहीत. शेवटी मालक तणतणत आले.

“ही व्यायामशाळा आहे की ऑपरेशन थिएटर? माणसं पळवताय माझी! टोपली बाहेर काढा, नाहीतर नोकरी सोडा.”

“नोकरी सोडते. टोपली निघणार नाही.” ताईंनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा, डॉक्टरबाईंना माझं गळू का कापावं लागलं ते सांगते.”

“मी उभाच बरा आहे.”

“अहो, बसा तर खरं.”

“नको म्हणतोय ना!” मालक खेकसले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “त्या डॉक्टरबाई... कापताना फार दुखवतात का हो?”