तिथीप्रमाणे लावलेली गाडी

बाळासो जाऊन महिना झाला आणि त्यांच्या नावावर नऊ गुन्हे निघाले.

निघाले ते रुबीनाच्या मोबाईलवर. शेजारच्या रुबीनाला शिवलेले कपडे पोचवायला गाडी हवी होती, आणि संयोगिताबाईंना नवऱ्याची स्कूटर दारात नुसती उभी बघवत नव्हती. गाडी आपल्या नावावर करायला रुबीनानं नंबर टाकला आणि मोबाईल काकूंपुढं धरला.

"काकू, काकांनी नऊ वेळा गाडी चुकीच्या बाजूला लावलीया. दंड भरल्याबगर गाडी नावावर व्हईत न्हाई."

"दुसऱ्या कुणाचा नंबर असंल, बाळ."

"फोटू हाईत की! पहिल्याला पाचशे, मग दर खेपंला दीड हजार. साडेबारा हजार झाल्यात."

पैशाचं संयोगिताबाईंना काही वाटलं नाही. सोळा सोमवारांच्या उद्यापनाला ठेवलेले होते, ते देवानं असे वळवले असतील. पण नऊ गुन्हे! वारणानगरच्या डेअरीत तीस वर्षं दुधाची फॅट काढताना ज्या माणसानं सख्ख्या मेव्हण्याला अर्धा पॉइंट वाढवून दिला नाही, त्याच्यावर? तो मेव्हणा तर मयतीलासुद्धा फुगूनच आला होता. रिकाम्या चौकात लाल दिव्याला बाळासो एकटे उभे असायचे, आणि मागून आलेल्या म्हशी पुढं निघून जायच्या.

"दंड भरीन," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या नावाला डाग लावून न्हाई."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, पंचांग आणि जपमाळ पिशवीत टाकून त्या रुबीनाबरोबर वाहतूक शाखेत गेल्या. टेबलामागं खिजर नावाचा तरुण हवालदार होता.

"आमच्या मालकांवर नऊ खोटे गुन्हे लागलेत, तेवढे काढा," संयोगिताबाई म्हणाल्या.

"काय म्हणला, मावशी?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांचा आवाज देवघरापुरताच होता, त्याला कचेरीची सवय नव्हती. शेवटी रुबीनानं तोंड उघडलं, "काकांनी गुन्हाच केलेला न्हाई म्हणत्यात त्या!" सगळी रांग वळून बघायला लागली.

"आमीबी न्हाई केला, पावणं," मागून एकजण म्हणाला. "लायनीत या."

खिजरनं नंबर टाकला आणि पडद्यावर बाळासो आले. फुलांच्या गल्लीत, पत्र्याच्या पाटीखाली स्कूटर, आणि तिच्या शेजारी ते स्वतः, शाळेच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ. हातात फुलांची पुडी. नऊ फोटोंत नऊ पुड्या. संयोगिताबाईंनी पदर तोंडाला लावला. रोज सकाळी देवावर चढलेली फुलं ती हीच.

"ह्ये काका व्हय?" खिजरचा आवाज उतरला. "महिनाभर दिसलं न्हाईत. मला वाटलं, गावाला गेलं असतील."

मग त्यानं समजावून सांगितलं. गल्ली अरुंद. म्हणून विषम तारखेला गाड्या एका बाजूला लावायच्या, सम तारखेला समोरच्या. दोन्हीकडं तशा पाट्या आहेत. "ही बघा, आठ तारीख, गाडी विषमच्या पाटीखाली. ही एकवीस, गाडी समच्या बाजूला. ही अकरा, तीबी समलाच."

"त्यांचं चुकायचं न्हाई. तुमच्याच तारखा चुकल्या असतील," संयोगिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं. पानावरून बोट फिरलं. आठ तारखेला पंचमी. एकवीसला चतुर्थी. अकराला दशमी. बोट तिथंच थांबलं.

संयोगिताबाईंचं सकाळचं मौन असायचं, उठल्यापासून पूजा होईपर्यंत. बारा वर्षांचं व्रत. मात्र संकल्पात तिथी उच्चारावीच लागते, तेव्हा तेवढी सांगायला हरकत नाही, असं त्यांनी आपल्याच मनानं ठरवलं होतं. बाळासो रिटायर झाल्यापासून रोज चपला घालताना विचारायचे, "आज काय गं?" आणि त्या एका शब्दात तिथी सांगायच्या. नवरा धार्मिक झाला म्हणून त्यांना कोण आनंद! भजनी मंडळात तर त्यांनी जाहीरच केलं होतं, की आमचे मालक तिथी ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

ओलांडत नव्हतेच. ती ऐकून गाडी लावत होते. तिथी आणि तारीख दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असली की सुटायचे, नाही जुळली आणि खिजर गल्लीत असला की सापडायचे.

"माझ्यामुळं झालं हो," त्या पुटपुटल्या. "बिचाऱ्यांना कळलंसुद्धा न्हाई."

"कळलं न्हाई कसं, मावशी? पहिल्याच दिवशी म्हणलं मी, काका, आज आठ तारीख हाय. तर म्हणाले, ठाऊक हाय, कॅलेंडर हाय आमच्या भिंतीला."

"मग?"

"म्हणलं, मग पलीकडं लावा की! तर म्हणाले, 'सकाळपासनं तिनं एकच शब्द बोललाय. त्यो कसा मोडू? तू तुझं काम कर, काढ फोटू.' आन् राहायचे ताठ उभे. पैशाचं इचारलं की म्हणायचे, पाडव्याला सगळं एकदम भरतो." खिजरनं टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघितलं. पाडव्याला अजून आठ-नऊ दिवस होते.

रुबीनानं ओढणीनं डोळे पुसले. मघाशी लायनीत या म्हणणाऱ्यानं आपला नंबर सोडला आणि खुर्ची पुढं सरकवली.

संयोगिताबाईंनी रुमालाची गाठ सोडून उद्यापनाचे पैसे टेबलावर ठेवले. "पावतीवर लिहा, चूक बायकोची."

"मशीनमधी तसला रकाना न्हाई, मावशी."

"मग एक करा. त्यांचा फोटो छापून द्या. घरात एकही धड न्हाई, पेन्शनच्या कार्डावरचाच मोठा करून लावलाय."

"कुठला देऊ?"

"नऊच्या नऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवापुढं बसल्या. भिंतीला ओळीनं नऊ बाळासो उभे होते, ताठ. दारात चपलांचा आवाज नव्हता, आणि कुणी काही विचारलं नाही. बाहेर स्कूटर मात्र सुरू झाली. काकूंसाठी फुलं आणायला रुबीना निघाली होती.

संयोगिताबाई तशाच उठल्या आणि दारात धावल्या. बारा वर्षांचं मौन मोडून त्या अशा ओरडल्या, की समोरच्या घराची खिडकी उघडली. "रुबीना! तारीख बघून लाव गं गाडी!"

मग आत येऊन त्या पुन्हा पाटावर बसल्या. भिंतीकडं बघितलं, आणि देवघरापुरत्याच आवाजात म्हणाल्या,

"आज अष्टमी."