नरसय्यांची दोन पिंपं

आमच्या चाळीतल्या नरसय्यांचे पाय गुडघ्यापर्यंत हिरवे होते. रोगाने नव्हे, रंगाने. गिरणीच्या रंगखात्यातली टाकाऊ पिंपं अर्धी कापून त्यांनी दोन घरी आणली होती. एकात पूर्वी हिरवा रंग असायचा, दुसऱ्यात लाल. कितीही घासली तरी ती थोडा थोडा रंग सोडायचीच.

पन्नाशी उलटली होती, तरी नरसय्या कामावरून आले की अंगणात दीडशे बैठका मारायचे, तेलुगूत मोठ्याने मोजत. मग हिरव्या पिंपात, गार पाण्यात पाय सोडून स्टुलावर बसायचे. कुणीही दिसलं की सुरू, "मेहनतीचा शीण पाणी वढून घेतंय बगा. औषध कशाला?" डोकं दुखू दे, पोट बिघडू दे, त्यांचं एकच, "पाय बुडवा." एकदा पोस्टमनला बसवलं. तो हिरव्या पायांनी सायकलवर बसून गेला.

लाल पिंप आत दाराआड असायचं, गरम पाण्याचं. "गार पायाला, गरम हाडाला," असं ते सांगायचे.

दुष्काळाच्या साली नळ दिवसाआड, तासभर यायला लागला. नळावर रुक्मिणीमावशी बोलल्या, "आमची पोरं तान्हेली आन् ह्या पैलवानाचे पाय भिजत्यात. दोन दोन पिंपं." सगळ्या बायका नरसय्यांच्या दारात गेल्या. मी मागे होते.

"नरसय्या, एक पिंप बंद करा. तेवढं पाणी तान्ह्या लेकरांच्या घरी जाऊ द्या," मावशींनी सांगितलं.

नरसय्यांनी हिरव्या पिंपातून पाय काढले.

"हे न्या. लाल ऱ्हाऊ द्या."

"का वो, पायापरास हाडं प्यारी झाली?" मावशी म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

मी हसले नाही. मला कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायला जमत नाही, माझी नजर पायांवरच जाते. त्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक होती. नरसय्यांच्या पायांना लाल रंग कधीच नसायचा. लाल असायचे ते त्यांचे तळहात. आणि त्यांची बायको लक्ष्मक्का, गिरणीत आठ तास उभी राहून सुताच्या बाबिणी भरणारी, तिचे पाय लुगड्याखाली घोट्यापर्यंत लाल असायचे. नसा फुगलेले ते पाय नरसय्या रोज गरम पाण्यात धरून चोळत होते.

हे सांगितलं असतं तर बायकोचे पाय धरतो म्हणून चाळ त्यांना हसली असती. त्याचं त्यांना काही वाटलं नसतं. पण लक्ष्मक्काने दुसऱ्या दिवसापासून पाय पुढे केले नसते. मी घागर उचलून घरी आले.

बैठका काही त्यांनी कमी केल्या नाहीत. दीडशेच. फक्त शेवटच्या वीस-तीस भिंत धरून व्हायच्या. मग कोरड्या फरशीवर पाय पसरून, "पाणी हेच औषध," असं ते पूर्वीसारखंच लोकांना सांगायचे.

दिवाळीपर्यंत त्यांच्या पायांचा हिरवा रंग पार गेला. लक्ष्मक्काचे पाय लालच होते.