लोकरी सुटातली वरात

हरबाजी मे महिन्यात कुणालाही नमस्कार करत नसत. समोरच्याच्या कॉलरीत दोन बोटं खुपसत, मानेचा घाम अंगठ्यावर चोळून बघत आणि मगच "जा" म्हणत. गांधीबागेमागच्या आमच्या गल्लीत पोस्टमनपासून कापडाच्या दलालापर्यंत कुणाचीही यातून सुटका नव्हती.

सारी हयात मिलच्या बॉयलरवर गेलेली. रिटायर झाल्यावर त्यांना माणसंच बॉयलर वाटू लागली. "वाफ निघून राहिली तोवर भेव नाही गा," ते समजावत. "घाम म्हंजे वाफ. थो बंद झाला का समज, आत भडका उडाला." "लघवीले कधी गेलता?" हा प्रश्न ते भर चौकात विचारत. एकदा माझ्या साहेबांनाही विचारला. साहेबांनी निमूट उत्तर दिलं, वर रंगही सांगितला.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून हिंडणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "कांद्याले पाहून ऊन पळते का बे? भाजीत टाक थो!"

माझं लग्न मे महिन्यातच ठरलं. मुलगी मौदा गावची, मुहूर्त दुपारी बाराचा आणि सासऱ्यांनी हौसेनं शिवून धाडलेला सूट अस्सल लोकरीचा. भर उन्हाळ्यात लोकर! पण पडला सासऱ्यांचा मान. नको म्हणायची माझ्या आईची छाती झाली नाही.

हरबाजी वरातीला आले ते खांद्याला एक फुगलेली पिशवी लटकवून. मी घोडीवर बसलो. बँडवाले घामानं निथळत होते, मी मात्र ठणठणीत कोरडा. मला त्याचा अभिमानच वाटला. डोकं ठणकत होतं, मळमळतही होतं, पण नवरदेवांना तसं होत असावं अशी मी समजूत करून घेतली. पुढचं मला आठवत नाही. मी म्हणे क्लॅरनेटवाल्याला सासरा समजून "मामाजी" म्हणत हात जोडले आणि तुमची मुलगी फार गुणी आहे असं सांगितलं.

वरात खदखदून हसली. "नवरदेवाले चढली का गा?" कुणीतरी ओरडलं.

हरबाजी हसले नाहीत. त्यांनी माझ्या मानेला हात लावला आणि मला घोडीवरून खाली ओढलं.

"तवा झाला हाये याचा! काढा थे घोंगडं!"

भर रस्त्यात माझा कोट गेला, पाठोपाठ पॅन्ट गेली. शेजारच्या पाणपोईचे दोन रांजण माझ्या अंगावर रिकामे झाले. पिशवीतून पंचे निघाले, ओले होऊन माझ्या मानेला, काखांना गुंडाळले गेले. बँडवाल्यांना टोप्यांनी वारा घालायला लावलं. कुणी तांब्या माझ्या तोंडाला लावायला गेलं, तर हरबाजींनी त्याचा हात झटकला. "शुद्धीवर येऊ दे पहिले! ठसका लागून मरन थो!"

सासरे धावत आले. जावई पट्टेरी चड्डीवर सावलीत आडवा पडलेला. "लग्न मोडून राहिले का तुम्ही?" ते गरजले.

"लग्न संध्याकाळी लागन," हरबाजी म्हणाले. "नवरदेव मेला तं दुसरा कुठून आणान?"

लग्न संध्याकाळीच लागलं, धोतरावर. शुद्धीवर आलेला मी मनातून धुमसत होतो. चड्डीतला नवरदेव ही ओळख मौद्यात मला जन्मभर पुरणार होती.

पंगत बसायच्या वेळी हरबाजी दिसेनात. मांडवामागे सापडले, पंचे पिळत.

"काका, गल्लीतल्या एकाही लग्नाले तुम्ही गेले नाही," मी तोंड सोडलं. "माह्याच लग्नाले काहून आले?"

"तुह्या मायनं थो सूट दाखोला. तवाच पिशवी भरली." पंचा झटकत म्हणाले, "माह्या लहान भावाची वरात अशीच दुपारची होती. थो घोडीले वहिनी म्हणून राहिला होता. सारे हासले. मांडवापर्यंत पोचलाच नाही गा थो."

मी त्यांच्या हातातला पंचा घेतला.

"सगळ्यायहून जोरानं मी हासलो होतो," ते म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मला सख्खा भाऊ नाही. पंगतीत माझ्या शेजारचा भावाचा पाट रिकामाच होता. हरबाजींना हाताला धरून मी तिथे नेऊन बसवलं. पानात वरणभात पडला. पहिला घास हातात धरून ते कितीतरी वेळ रडत होते.